सतरा नंबरची हाक

अंबावनच्या प्राणी उद्यानात जायचं होतं त्या रविवारी पुंडलिकराव बोरकुटे पहाटेच उठून बसले होते, पण निघायची वेळ झाली तेव्हा त्यांचं काही केल्या आवरेना. आधी चष्म्याचं घर सापडेना. मग सदरा बदलायचा झाला. शेवटी त्यांनी गुडघ्याचं कारण काढलं.

"बाबा, सत्कार तुमचा आहे," त्यांची मुलगी प्रणाली म्हणाली. "तुम्हीच आला नाहीत तर ती माणसं शाल कोणाला घालतील? आणि सावीने शाळाभर सांगून ठेवलंय."

सावी ही त्यांची नात, नऊ वर्षांची. हत्तीण आपल्या आबांना नावाने हाक मारते, असं तिने बाईंना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी तशी बातमीच आली होती.

पुंडलिकरावांनी अंबावनात एकोणीस वर्षं माहूत म्हणून काम केलं. मैना नावाची हत्तीण त्यांच्या ताब्यात असायची. सव्वीस वर्षांपूर्वी, निवृत्तीला पुष्कळ अवकाश असताना, त्यांनी एकाएकी ती नोकरी सोडली आणि नागपुरात एका शाळेत शिपाई म्हणून लागले. त्यानंतर ते अंबावनला कधी फिरकले नाहीत. घरात त्याचा अर्थ ठरून गेला होता. मैनेच्या पिलाला दुसऱ्या गावी पाठवलं, ते दुःख बाबांना सोसलं नाही. पत्नी होती तोवर पाहुण्यांना ती हीच गोष्ट सांगायची. पुंडलिकरावांनी ती स्वतः कधी सांगितली नाही, आणि कधी खोडलीही नाही. सावी जन्मल्यावर मात्र त्यांची जीभ सैल झाली. मैना सोंडेने आबांना कशी अंघोळ घालायची, आबांच्या खिशातला गूळ कसा हळूच काढायची, हे ऐकल्याशिवाय सावी झोपत नसे, आणि सांगताना तेही हातचं काही राखत नसत.

गाडी आपली आपण चालत होती. प्रणालीने पुढचं आसन मागे वळवलं आणि वाटेतच सावीच्या वेण्या घातल्या. अडीच तासांत ते अंबावनला पोचले.

फाटकाशी डॉ. ऋजुता पळसुले उभ्या होत्या. त्या तिथल्या संशोधक. वय पस्तिशीचं, बुटांना चिखल, बोलणं भरभर. "काका, तुम्हाला प्रत्यक्ष बघायची किती दिवस वाट पाहतेय मी," त्या म्हणाल्या. "हत्तींकडे बारा वाजता जाऊ. तोवर मजेत फिरा."

आणि खरोखर मजा आली. उद्यान ओळखू येऊ नये इतकं बदललं होतं. पिंजरे गेले होते, खंदक आणि झाडी आली होती. पाणमांजरांच्या तळ्यापाशी सावी अर्धा तास हलेना. एक पाणमांजर उताणं तरंगत पोटावर खडा ठेवून तो या पंजातून त्या पंजात खेळवत होतं. धनेशाच्या जोडीने डोक्यावरून झेप घेतली तेव्हा पंखांचा असा भसभस आवाज झाला की प्रणालीने मान खाली घातली आणि मग स्वतःच हसत सुटली. जिराफाने सावीच्या हातातला पाला निळसर जिभेने ओढून नेला. पुंडलिकरावांचंही अंग मोकळं झालं. अस्वलाची नखं आत का ओढली जात नाहीत, नीलगाय घाबरली की कान कसे ठेवते, हे त्यांना सगळं आठवत होतं. ते सांगू लागले की आजूबाजूचे लोकही थांबून ऐकत, आणि सावी त्या अनोळखी लोकांना सांगे, "हे माझे आबा. ते पेपरमध्ये आले होते ना, तेच."

ते त्यांना गोड वाटलं. नंतर कित्येक दिवस त्यांना याचीच सगळ्यात जास्त लाज वाटायची, की त्या सकाळी ते त्यांना गोड वाटलं.

साडेअकराला डबा उघडून धपाटे खाताना डॉ. पळसुले येऊन बसल्या आणि सावीने त्यांना विचारलं, "पण हत्तीण नाव घेते म्हणजे कसं घेते? पुंडलिक म्हणते?"

"नाही गं. आपण तिला मैना म्हणतो, ते काही तिचं हत्तींमधलं नाव नाही. तसंच तुझ्या आबांचं नावही तिने स्वतःच ठेवलंय." त्यांनी सावीचा तळहात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि हुंकार भरला. "थरथर लागली हाताला? हत्ती याच्यापेक्षा कितीतरी खोल आवाज काढतात. इतका खोल की माणसाच्या कानाला तो पोचतच नाही. हवेतून तो कोसभर जातो, आणि जमिनीतूनही जातो. दुसरे हत्ती तो पायांनीसुद्धा ऐकतात. आपण शेकडो वर्षं त्यांच्या पाठीवर बसलो, त्यांच्याशेजारी झोपलो, आणि आपल्या शेजारी बोलणं चाललंय हे आपल्याला कळलं नाही."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. चार वर्षांपूर्वी हत्तींच्या आवारात जमिनीखाली दोनशे सेन्सर पुरले. कोण बोललं, त्यावर कोणी मान वळवली, कोण जवळ आलं, हे संगणक रात्रंदिवस टिपत राहिला. हळूहळू त्याला अठरा आवाज सापडले, जे प्रत्येकी एकालाच उद्देशून निघत. म्हणजे नावंच. हत्तींची नावं, राखणदारांची नावं, एक तर उद्यानातल्या जनावरांच्या डॉक्टरांच्या कुत्र्याचं. फक्त सतरा नंबरच्या आवाजाचा धनी सापडेना. मैना तो सारखा काढायची आणि त्याला ओ देणारं कोणी नव्हतं.

"मग एक गंमत झाली," डॉ. पळसुले म्हणाल्या. "इथून जवळ कोळशाची खाण आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी तिथल्या सुरुंगांचे हादरे मोजायला भूगर्भशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने उद्यानात यंत्र पुरलं होतं. तीन महिन्यांची नोंद कपाटात पडून होती. त्यात हादऱ्यांच्या मधे मैनेचे आवाज निघाले, त्यात सतरा नंबर होता. आम्ही जुनी हजेरीपुस्तकं काढून ताडून पाहिलं. काका कामावर असले की सतरा नंबर, सुट्टीवर असले की नाही."

"म्हणजे ती तुमची आठवण काढते, बाबा," प्रणाली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"नाव कोणाचं, हे यंत्र छातीठोकपणे सांगतं," डॉ. पळसुले म्हणाल्या. "ते घेणाऱ्याच्या मनात काय असतं, ते मात्र अजून आम्ही अंदाजानेच ठरवतो. ट्रक मागे घेताना जो भोंगा वाजतो ना, तो ऐकला की मैना हमखास सतरा नंबर काढते. तुम्ही चाऱ्याच्या ट्रकबरोबर यायचात, म्हणून असेल."

पुंडलिकरावांच्या हातातला धपाटा तसाच राहिला. ते चाऱ्याच्या ट्रकबरोबर कधी येत नसत. चारा बैलगाडीने यायचा.

"मैना आता थकलीय," डॉ. पळसुले सांगत होत्या. "नीट खात नाही, झोपत नाही. म्हणून एक विचार आहे. आज तुमची दहा-बारा वाक्यं रेकॉर्ड करून घ्यायची. तेवढ्यावरून संगणक तुमचा आवाज हुबेहूब तयार करेल. मग सकाळ-संध्याकाळ, रात्री ती अस्वस्थ झाली की, आवारातल्या स्पीकरवरून तुम्ही तिच्याशी बोलत राहाल. तुम्ही इथे नसलात तरी."

"वा," प्रणाली म्हणाली.

बारा वाजता हत्तींच्या खंदकाशी दीड-दोनशे माणसं जमली होती. कठड्याजवळ मोठा पडदा होता. कोणत्या हत्तीने कोणाला हाक मारली, ते त्यावर उमटत होतं. पलीकडे मोकळ्या माळावर तीन हत्तिणी होत्या. मैना, चौदा वर्षांची बकुळ आणि पाच वर्षांची टिपूर. धाकट्या दोघी अंबावनातच जन्मलेल्या, पुंडलिकराव गेल्यानंतर कित्येक वर्षांनी.

मैना फार म्हातारी दिसत होती. कानांच्या कडा फाटून पांढुरक्या झाल्या होत्या. पण उजव्या पायावर भार टाकून उभं राहायची तऱ्हा तीच होती.

"काका, हाक मारा ना. तुम्ही पूर्वी मारायचात तशीच."

त्यांनी घसा खाकरला. पळून जायला जागा नव्हती. "चल गं बाय," ते म्हणाले. "चल, चल."

मैनेचे हलणारे कान थांबले. पडद्यावर आकडा उमटला. मैना, सतरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दुसरी ओळ आली. बकुळ, सतरा. आणि मग, टिपूर, सतरा.

डॉ. पळसुलेंनी दोन्ही हात तोंडावर धरले. "यांनी तर काकांना पाहिलेलंही नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मैनेने त्यांना हे नाव शिकवलंय. पिढी ओलांडून नाव गेलंय."

माळावर दोघी धाकट्या झपाझप मागे सरल्या आणि झाडीच्या कडेला एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. मैना मात्र पुढे आली. एकेक पाऊल टाकत कठड्यासमोर आली, वळली, पाठ करून उभी राहिली, आणि तिने मागचा डावा पाय जमिनीपासून हातभर उचलून तसाच धरला. म्हातारपणामुळे तो थरथरत होता. ती तो खाली ठेवत नव्हती.

"नमस्कार करतेय," गर्दीत कोणीतरी म्हणालं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आबा, ती आपल्याकडे पाठ का करतेय?" सावीने विचारलं.

"नमस्कार करतेय बाळा," पुंडलिकराव म्हणाले.

तो पाय साखळीसाठी होता. साखळी अडकवायला सोपं जावं म्हणून त्यांनीच तिला तो तसा धरायला शिकवलं होतं. नोकरी सोडण्याच्या पंधरा दिवस आधी एका संध्याकाळी ते नुसते दारातून आत आले होते, हातात काही नव्हतं, तोंडातून शब्द निघाला नव्हता, आणि मैनेने पाठ करून पाय उचलून धरला होता. त्यानंतर त्यांना तिच्यासमोर उभं राहवेना. जीव तुटला वगैरे काही नव्हतं. तोंड दाखवायला लाज वाटत होती, आणि ज्या प्राण्यासमोर लाज वाटते त्याच्यापासून लांब जाता येतं, म्हणून ते गेले.

कठड्यापासून रेकॉर्डिंगच्या खोलीपर्यंत शंभर पावलं असतील. वाटेत लोकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. एका बाईने कडेवरचं तान्हं मूल पुढे केलं. "आजोबा, हिच्या डोक्यावर हात ठेवा. मुक्या जिवाने ओळखलं तुम्हाला, तुमचा हात लागू दे." त्यांनी हात ठेवला. टाळू मऊ होती. त्यांनी हात चटकन मागे घेतला.

खोली लहान होती. एक माइक, एक पडदा, तीन खुर्च्या. प्रणाली आणि सावीही बरोबर आत आल्या. डॉ. पळसुलेंनी कागद पुढे केला, त्यावर वाक्यं लिहिली होती. मैना, मी आलोय. मैना, घाबरू नकोस. पुंडलिकरावांनी पहिलं वाक्य वाचलं.

"छान. त्याआधी एक विचारू?" डॉ. पळसुलेंनी पडद्यावर जुनी नोंद उघडली. काळ्या पट्टीवर दाट पांढऱ्या रेघा होत्या. "त्या तीन महिन्यांत एक दिवस असा आहे, की मैनेने सलग नऊ तास सतरा नंबर काढलाय. सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत. न थांबता. हजेरीपुस्तकात त्या दिवशी तुमची सही आहे, पण मला वाटतं तुम्ही लवकर घरी गेला असाल. ती तुम्हाला शोधत असेल. आठवतंय काही?"

पुंडलिकराव त्या रेघांकडे बघत राहिले. नऊ तास. त्यांना त्यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी माइककडे पाहिलं. ते यंत्र आता त्यांचा आवाज घेणार होतं, आणि तो आवाज सकाळी, संध्याकाळी, रात्री त्या माळावर वाजणार होता, आणि ती म्हातारी प्रत्येक वेळी पाठ करून तो पाय उचलून धरणार होती. ते मेल्यावरसुद्धा.

"हे बंद करा," ते म्हणाले.

"काका, पाणी देऊ?"

"माझा आवाज तिला ऐकवू नका. कधीच ऐकवू नका." मग त्यांनी मान खाली घातली आणि खालीच ठेवून बोलले. "त्या दिवशी मी घरी गेलो नव्हतो. शेजारच्या खोलीत होतो. मधे एक भिंत होती. आम्ही पत्ते खेळत होतो."

प्रणाली म्हणाली, "बाबा?"

"तिचं पिल्लू न्यायला ट्रक आला होता. ती असताना कोणाची हिंमत नव्हती हात लावायची. मग मीच तिला तळ्यावर नेलं. चल गं बाय, चल, म्हणत. तेव्हा तिला साखळी लागत नव्हती, माझ्या नुसत्या आवाजामागे यायची. परत आणलं तेव्हा ट्रक मागे घेत होते, भोंगा वाजत होता. पिल्लू आत होतं. मग मी तिला बांधली आणि खोलीत गेलो."

"म्हणजे नऊ तास…" डॉ. पळसुले म्हणाल्या आणि थांबल्या.

"मला बोलवत असेल. तिला वाटलं असेल, हा येईल आणि काहीतरी करेल. आता तुम्ही म्हणाल, ऐकूच आलं नाही तर तुमचा काय दोष. पण ऐकू आलं असतं तरी मी गेलो नसतो. डाव अर्धा होता."

सावी खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती. "मग?" तिने विचारलं.

"मग ती उठेना. रविवारी पोरांना पाठीवरून फिरवायची असायची, ते बंद पडलं. साहेब म्हणाले, लवकर उभी करा. मारा असं नाही म्हणाले. माझ्याबरोबर शंकरपुरे म्हणून होता, तो म्हणाला मला हे जमणार नाही. त्याला कोणी काही केलं नाही, पक्ष्यांकडे पाठवलं फक्त. मलाही तसं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, मी करतो. अकरा दिवस लागले."

"कशी उभी केलीस?" सावीने विचारलं.

प्रणालीने तिचा दंड धरला. पण पुंडलिकरावांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि नातीकडे बघून उत्तर दिलं. "मारून. अंकुशाने. नखांच्या मुळाशी आणि कानामागे, जिथे जास्त लागतं तिथे. घरात भिंतीवर ती चौकट आहे ना, उत्तम कामगिरीची, ती त्याबद्दल मिळाली."

बाहेर लाउडस्पीकरवर सत्काराची घोषणा चालू होती. प्रणाली उठली आणि दार लोटून बाहेर गेली. काचेतून दिसत होतं, ती पायरीवर पाठ करून उभी होती.

"मग तू सांगितलेल्या गोष्टी?" सावी म्हणाली.

"खोट्या."

"गुळाची पण?"

"गूळ ती काढायची. आधी. ते खरं आहे."

सावीने विचार केला आणि आईकडे निघून गेली.

डॉ. पळसुलेंनी त्यांच्यासमोरच ते एक वाक्य पुसून टाकलं. त्या चिडल्या नाहीत, त्यांनी समजूतही घातली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो शब्द आधी हाक होता. मग त्याचा अर्थ बदलला. बकुळ आणि टिपूर साप दिसला तरी सतरा नंबर काढतात, ती आम्ही यंत्राची चूक समजत होतो. काका, हे सगळं तारखांसकट पुन्हा सांगाल? ती नोंद फक्त आमच्यासाठी राहील."

त्यांनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं, कारण आता थांबून थांबून सांगायचं होतं. शाल-श्रीफळ घेतलं नाही. संचालकांनी लोकांना सांगितलं की बोरकुटे काकांची प्रकृती बिघडली, आणि लोक हळहळले.

परतताना गाडीत प्रणालीने आसन मागे वळवलं नाही.

ट्रक आवाराजवळ आणणं उद्यानाने त्याच आठवड्यात बंद केलं. मैना थोडं खाऊ लागली, असं डॉ. पळसुलेंनी कळवलं. घरात मात्र पुष्कळ दिवस कामापुरतंच बोलणं होई. सावी झोपताना आईकडून पुस्तक वाचून घेऊ लागली. भिंतीवरची चौकट कोणी काढली हे पुंडलिकरावांनी विचारलं नाही.

एका दुपारी शेंगा सोलताना प्रणालीने विचारलं, "आईला माहीत होतं?"

"होतं. तेव्हाच सांगितलं होतं मी तिला."

"मग ती सगळ्यांना ते का सांगायची? तुमचा जीव तुटला म्हणून?"

"माझी अब्रू राखायला, असं मी समजायचो," ते म्हणाले. "नंतर मला वाटायला लागलं, मला ऐकवायला सांगायची. दर वेळी माझ्या तोंडाकडे बघून सांगायची."

प्रणालीने शेंगांचं ताट त्यांच्याकडे सरकवलं. दोघांनी मिळून उरलेल्या शेंगा सोलल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मैना गेली. त्यानंतर पाच महिन्यांनी बकुळला पिल्लू झालं. त्याच्या पहिल्या वाढदिवशी डॉ. पळसुलेंचा फोन आला. प्रणाली आणि सावी जवळच होत्या, म्हणून पुंडलिकरावांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"काका, तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं," डॉ. पळसुले म्हणाल्या. "मैना गेल्यापासून बकुळने सतरा नंबर काढलेला नाही. टिपूरनेही नाही. सापासाठी त्यांनी दुसराच आवाज धरलाय. पिलाने तो आवाज एकदाही ऐकलेला नाही. आज आम्ही यादीत त्याच्यापुढे लिहिलं, वापरात नाही."

पुंडलिकरावांनी बरं म्हटलं, आभार मानले. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं त्यांनी मोठा श्वास घेतला. तो श्वास सुटतासुटता त्यांनी पाहिलं, तर सावी त्यांच्याकडेच बघत होती. ती आता अकरा वर्षांची होती आणि तिला पुष्कळ कळत होतं.

"बरं वाटलं ना तुला?" तिने विचारलं.

त्यांना नाही म्हणता आलं असतं.

"हो," ते म्हणाले, आणि त्यांनी तिच्यासमोर मान खाली घातली.